३९ फूट, ४३ फूट आणि तिसरीचा वर्ग

कोल्हापुरातील एका प्राथमिक शाळेत मी तिसरीच्या मुलांना आठवड्यातून दोन तासिका संगणकाची ओळख करून देते. आठ वर्षांची ही मुले मोबाइल सराईतपणे वापरतात, हवा तो व्हिडिओ शोधतात, लिहिता येत नसेल तेव्हा बोलून प्रश्न विचारतात, आणि त्यामुळे ‘आमच्या पोराला सगळं येतं’ असे पालक कौतुकाने सांगतात. परंतु ‘मोबाइलला हे कोणी सांगितलं?’ असे विचारले की वर्गातून हमखास एकच उत्तर येते, ‘त्याला माहितीच असतं, बाई.’ यंत्राला आपोआप काहीही माहीत नसते, कोणीतरी माणूस त्याला आधी सांगून ठेवतो आणि त्या सांगण्यात चूकही राहू शकते, एवढी एक गोष्ट मुलांच्या मनात रुजावी म्हणून मी पहिले काही आठवडे संगणक सुरूच करत नाही.

आरंभ मैदानावर खडूने आखलेल्या चौकटींपासून होतो. एक मूल यंत्र होते आणि बाकीची मुले कागदावर लिहिलेल्या सूचना त्याला वाचून दाखवतात. ‘उजवीकडे’ म्हणजे नुसते वळायचे की वळून एक घर पुढेही जायचे, यावर पहिल्याच दिवशी वाद होतो, आणि आपल्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या मुलीची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते हे ती नळाच्या कट्ट्याला जाऊन थडकल्यावर सर्वांच्या ध्यानात येते. मग कागदावर एकेका ओळीवर बोट ठेवत चूक शोधायची असते. मुलांकडून लहानशा यंत्राला अशा सूचना देववून विचार शिकवण्याची कल्पना १९६७ साली लोगो ही संगणकभाषा तयार झाली तेव्हापासूनची आहे. आमच्याकडे यंत्राच्या जागी वर्गमैत्रीण असते, आणि ती चुकली की मुले तिच्यावर न रागावता कागदाकडे पाहू लागतात, ही सवय मला फार मोलाची वाटते.

‘जर… तर’ शिकवायला मात्र आपल्या गावासारखे गाव नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे पावसाळ्यात घराघरांत बोलले जाते. मी मुलांना या दोन आकड्यांवरून यंत्रासाठी नियम लिहायला सांगितले. बहुतेकांनी असे लिहिले: पाणी ३९ फूट किंवा त्याहून जास्त असेल तर ‘इशारा’ म्हण आणि थांब, ४३ फूट किंवा त्याहून जास्त असेल तर ‘धोका’ म्हण आणि थांब, नाहीतर ‘ठीक’ म्हण. मी फळ्यावर ४५ लिहिले. यंत्र झालेला मुलगा ‘इशारा’ म्हणाला आणि गप्प उभा राहिला. सगळा वर्ग ‘धोका, धोका’ असे ओरडू लागला, तरी तो शांतपणे म्हणाला, ‘पहिल्या ओळीतच थांब म्हणून लिहिलंय.’ त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. ४५ हा आकडा ३९ पेक्षा मोठा असल्याने पहिलाच नियम लागू झाला आणि दुसऱ्या नियमापर्यंत यंत्र पोहोचलेच नाही. २०२१ च्या पुरात जिच्या घरात पाणी शिरले होते ती मुलगी थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘बाई, धोका आधी विचारायचा.’ मोठी माणसे प्रोग्राम लिहितानाही सूचनांच्या क्रमाची हीच चूक करतात.

त्याच दिवशी मी त्यांना राधानगरी धरणाविषयी सांगितले. त्याचे सात स्वयंचलित दरवाजे तलाव ठरलेल्या पातळीपर्यंत भरला की पाण्याच्या दाबानेच उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. ‘मग तिथं कॉम्प्युटर बसवलाय का?’ हा प्रश्न आला, तेव्हा संगणकाविनाही ‘जर… तर’ घडवता येते, हे वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

नवे शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा आरंभ सहावीपासूनच्या टप्प्यात सुचवला आहे. पडद्यासमोर बसून प्रोग्राम लिहायला तोवर थांबले तरी चालेल, असे माझेही मत आहे. पण आलेला मजकूर पारखण्याचे शिक्षण तोवर थांबवता येत नाही, कारण तो मजकूर मुलांपर्यंत आजच पोहोचतो आहे. जुलैमध्ये एका पालकांच्या मोबाइलवर पाण्याखाली गेलेल्या रस्त्याचा फोटो आला, आणि ‘आपल्याकडं पूर आला’ असे सांगत एक मुलगा घाबरून वर्गात शिरला. फोटो कुठला, कधी काढलेला आणि पहिल्यांदा कोणी पाठवला, हे तीन प्रश्न आम्ही फळ्यावर लिहिले. एकाचेही उत्तर त्या संदेशात नव्हते. मग प्रशासनाने त्या सकाळी कळवलेली पातळी पाहिली, ती इशारा पातळीच्या कितीतरी खाली होती, आणि मुलांनी स्वतः लिहिलेल्या नियमांत तो आकडा घातल्यावर उत्तर ‘ठीक’ असे आले. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, तेव्हाचे फोटो आजही मोबाइलमधून फिरत असतात, हेही त्यांना तेव्हाच सांगितले.

ओटीपी कोणालाही सांगायचा नाही आणि फसवणूक झाली तर घरच्यांनी १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा, हे मुले दोन मिनिटांत पाठ करतात. पण समोर आलेला आकडा आणि फोटो परस्परांशी ताडून पाहण्याची सवय अशी दोन मिनिटांत लागत नाही. म्हणून पावसाळाभर फळ्याच्या कोपऱ्यात रोज पातळी लिहायचे काम मी एकेका मुलाकडे देते. गेल्या आठवड्यात ज्या मुलीची पाळी होती तिने आकड्याखाली स्वतःहून ‘सकाळी ८’ असे लिहिले, आणि मी विचारले तेव्हा म्हणाली, ‘दुपारी कोण वाचलं तर त्याला वाटंल आत्ताचंच आहे.’