खाल्ल्या घरचे वासे

रविवारी भाच्याकडं जेवायला गेलो होतो. पाचगावच्या बाजूला त्यानं नवं रो-हाऊस घेतलंय. तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी आणि शेवटी आग्रहाचा भात एवढं सगळं झाल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. हॉलमध्ये सतरंजी अंथरून आडवा झालो. नजर वर गेली तर डोक्यावर तुळया. चांगल्या जाडजूड, काळपट तांबूस. बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत मी चौथीपर्यंत पोचलो आणि दचकून हात उशीखाली घेतला.

कारण आजी.

मी तेव्हा सहा-सात वर्षांचा असेन. गंगावेशीत आत्याकडं जेवण होतं. पुरणपोळी, कटाची आमटी. जेवून सगळी मोठी माणसं सोप्यात पान खात बसलेली आणि मी जाजमावर उताणा. नुकता शंभरापर्यंत मोजायला शिकलो होतो, त्यामुळं दिसेल ते मोजायचं वेड. पायऱ्या मोजून झाल्या होत्या, चपला झाल्या होत्या. वर बघून खणखणीत आवाजात सुरू केलं, "एक, दोन, तीन..." आठावर पाठीत धपाटा बसला. "मुडद्या, खाल्ल्या घरचं वासं मोजतोस व्हय रं?" सोपा हसून लोळायला लागला. आत्या तर पदर तोंडाला लावून आत पळाली. मला काही कळलं नाही. रात्री नखं काढू नयेत, उंबऱ्यावर बसू नये, तसाच हा एक नियम असावा अशी मी समजूत करून घेतली. पुढं शाळेत वाक्प्रचार भेटला, अर्थ कळला, परीक्षेत दोन गुणही मिळाले. पण सवय गेली नाही. आजही कुणाकडं जेवलो की मी छत मोजतो. मनातल्या मनात, पेरांवर. कृतघ्नपणाचा संबंध नाही. असलाच तर सुस्तीचा.

(आजीनं म्हटले ते वासे, पण आत्याच्या सोप्यात होत्या तुळया. वासे उतरत्या छपराला, आढ्यापासून खाली पाख्यावर येतात ते. आजीला हा फरक सांगायची कुणाची छाती होती?)

आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात मोजायला भरपूर होतं. सोप्यात नऊ तुळया, माजघरात सात, त्यांच्यावर तक्तपोशी आणि तिच्यावर मातीचा थर देऊन केलेली माडी. माडीवर कौलाखाली एकेका पाख्याला बावीस वासे. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचे आणि घराचं मापच खणात सांगायचे. चोळीचं कापड तेही खण आणि हाही खण, म्हणून आई म्हणायची, की देवानं बाईला खणाशिवाय दुसरं मापच दिलं नाही.

पण मोजणं हा माझा उद्योग. घराला त्या लाकडांचा खरा उपयोग होता तो खोचण्यासाठी. वासा आणि कौलाच्या मधली फट म्हणजे आमचं कपाट, तिजोरी आणि कचेरी. पंचांग वाशात. उसाच्या बिलाची पावती वाशात. विळा, छत्री, दाभण, आजोबांची चंची, आलेल्या लग्नपत्रिका, सगळं वाशात. काही हरवलं की घरातला उंच माणूस स्टुलावर चढायचा आणि हात फिरवत जायचा. सोप्यातल्या मधल्या तुळईला पाळण्याच्या दोन कड्या होत्या, त्यांना आम्ही सगळी भावंडं पाळीपाळीनं टांगली गेलो. त्याच कड्यांना पुढं आजोबांनी झोपाळा लावला. स्वयंपाकघरातल्या तुळया धुरानं इतक्या काळ्या झाल्या होत्या की हात लावला तर बोट चिकटायचं, पण त्यांना कधी कीड लागली नाही. सोप्यातल्या मात्र भुंग्यांनी कोरल्या. उन्हाळ्यात दुपारी गुंईऽऽ असा आवाज यायचा आणि झोपलेल्या माणसाच्या तोंडावर बारीक भुसा पडायचा.

गंमत म्हणजे या सगळ्याची आम्हाला लाज वाटायची. मी आठवीत असताना गल्लीत पहिल्यांदा एका घरी 'सिलिंग मारून' घेतलं. तुळयांच्या खालून हार्डबोर्डाचे तक्ते ठोकायचे, वर पांढरा ऑइल पेंट. वर्षभरात निम्म्या गल्लीनं मारून घेतलं. आमच्याकडं वडिलांनी दिवाळीच्या बोनसमधून मारलं. घर एकदम दवाखान्यासारखं उजळलं. पै-पाहुणा आला की आई आधी वर बघायला लावायची, मग पाणी द्यायची. आठ दिवसांत त्या तक्त्यांच्या वर उंदरांचं बस्तान बसलं. रात्री बाराला त्यांच्या शर्यती सुरू व्हायच्या, वडील काठीनं खालून ढोसायचे, क्षणभर शांतता, की पुन्हा सुरू. आजीनं तेवढं एकदाच म्हटलं, "घराचं पोट दिसंना झालं." पण तिचं ऐकण्याचे दिवस तेव्हा संपले होते.

आता भाचा म्हणतो, "मामा, एक्स्पोज्ड बीम. सध्या लई चाललंय." उघड्या तुळया दाखवायला त्यानं पैसे मोजलेत. मी उठून झाडूच्या दांड्यानं एक वाजवून बघितली. ढब्ब. प्लायच्या तीन फळ्या जोडून उपडी पन्हळ केलेली, वर लाकडाचा पातळ पत्रा चिकटवलेला, आणि सगळं स्लॅबला स्क्रूनं आवळलेलं. जुनं दिसावं म्हणून कारागिरानं आधी तारेच्या ब्रशानं घासलं, मग साखळीनं मारलं म्हणे. लाकूड म्हातारं दिसण्यासाठी त्याला मारतात हे मला नवीन होतं. आमची तुळई मार न खाता म्हातारी झाली.

नावं ठेवत नाही. दिसतं चांगलं. पांढऱ्या छतावर गडद पट्टे, मध्ये पिवळे दिवे, खोली उबदार वाटते. फक्त वरच्या अंगाला फटच नाही. मी सुनेला म्हटलं, "लाइट बिल कुठं खोचता गं?" ती म्हणाली, "मामा, ते मोबाइलवर येतं."

पेठेतलं घर आम्ही बिल्डरला दिलं तेव्हा टिंबर मार्केटमधून माणूस आला होता. त्यानंही छत मोजलं, पण घनफुटात. खडूनं प्रत्येक तुळईवर आकडे टाकले. सागवान होतं, दर बरा आला. पाडापाडीत गवंड्याला माडीच्या वाशातून माझं पाचवीचं प्रगतिपुस्तक सापडलं. गणितात पस्तीसपैकी नऊ. म्हणजे सगळं मोजून झाल्यावरही ही अवस्था. ते मीच खोचलेलं असणार, पण कुठल्या वाशात, हे पन्नास वर्षं आठवत नव्हतं.

एका छताचं मात्र राहून गेलं. केशवराव भोसले नाट्यगृह. शाहू महाराजांनी 1915 साली बांधलेलं, तेव्हाचं पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. सकाळी खासबागेच्या बाजूला गर्दीत उभा होतो. कोल्हापूरची गर्दी आणि कुणी बोलत नव्हतं. छप्पर खाली आलं होतं आणि भिंतींच्या वर सरळ आभाळ. लहानपणापासून तिथं नाटकं बघितली, आणि वर काय होतं ते काही केल्या आठवेना. तिसरी घंटा झाली की दिवे जायचे, आणि नंतर आपण समोरच बघतो. तिथं मी जेवलो नव्हतो, मोजायला हरकत नव्हती.

तर रविवारी. शेजारच्या दिवाणावर आक्का आडवी झाली होती. भाच्याची आई, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली. मला वाटलं झोपली. बघतो तर डोळे छताला आणि अंगठा पेरांवर.

"किती गं?"

"नऊ."

"दहा आहेत. मी मोजलेत."

"ती कोपऱ्यातली धरतोस व्हय? ती तुळई न्हवं. एसीची पाइप झाकलीया तिच्यात. आता गप पड, मी झोपतो जरा."

असं म्हणून तिनं कूस बदलली. मी उशीखालचा हात काढला आणि खिडकीकडून परत सुरू केलं.