तिकीट काढायच्या आधी पासपोर्टची तारीख बघा

सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सोलापुरात घरोघरी एकच विषय निघतो, यंदा कुठंतरी बेटावर जाऊ. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, "अगं, अंदमानला पासपोर्ट लागतो का गं? विमान समुद्रावरून जातं ना?" काकू, नाही लागत. अंदमान आपलंच आहे, आधार किंवा मतदान कार्ड चालतं. लक्षद्वीपही आपलंच, पण तिथं जायला आपल्यालासुद्धा परमिट काढावं लागतं, १९६७ पासूनचा नियम आहे, त्यामुळे आधी परमिट आणि मग तिकीट.

खरा घोळ होतो तो परदेशात. मालदीवला आपल्याला व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर फुकट मिळतो, फक्त निघायच्या आधीच्या ९६ तासांत ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. पण व्हिसा नाही म्हणजे काहीच नको असं लोक धरून चालतात. बालीला आणि श्रीलंकेला पासपोर्ट तिथं पोचल्यापासून पुढे सहा महिने तरी चालू असावा लागतो. तुमचा पासपोर्ट नोव्हेंबरला संपतोय आणि तुम्ही एप्रिलमध्ये जाताय तर अडचण नाही, पण सप्टेंबरमध्ये जायचं म्हटलं तर बोर्डिंग पासच मिळणार नाही, आणि गेलेले पैसे कोण देणार?

सगळ्यात जास्त मुलांच्या पासपोर्टवर अडतं, हे मी अगदी कळकळीने सांगते. मोठ्यांचा दहा वर्षांचा असतो, लहानांचा पाचच वर्षांचा. आईबाप आपलं पुस्तक उघडून तारीख बघतात, म्हणतात झालं, आणि पोराचं उघडतच नाहीत. सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडा, फोटोच्या पानावर खाली एक्सपायरी डेट असते, प्रत्येकाची वाचा.

त्याच पानावर गिव्हन नेममध्ये आपल्याकडं बहुतेक वेळा वडलांचं किंवा नवऱ्याचं नाव पण असतं, तिकिटावर तेच सगळं नाव जसंच्या तसं टाका, स्पेलिंगसकट, घरी हाक मारायचं नाव नको.

तारीख संपत आली असेल तर आदल्या वर्षभरात कधीही रिन्यूला टाकता येतं, संपायची वाट बघायची गरज नाही. ३६ पानांचा साधा १५०० रुपयांत होतो, तत्काळला वर २००० लागतात. पोलीस व्हेरिफिकेशनचा फोन आला की घरी असा, त्यातच दिवस जातात.

आणि नेपाळला विमानानं जाताना आधार चालत नाही बरं का, पासपोर्ट नाहीतर मतदान कार्ड न्या.