हिरडीखालचे तीन मिलिमीटर : आमच्या डेंटल लॅबची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीला डेंटल लॅब टाकतो म्हटल्यावर नागपूरच्या माझ्या उस्तादांनी एवढंच विचारलं, "तिथं दात बसवशील कोणाला, कापसाला?" आठ वर्षं त्यांच्याकडे मेणाचे दात कोरले होते, कवळ्या घासल्या होत्या. हसून निघालो, पण प्रश्न काही चुकीचा नव्हता. आमच्या भागात दात कापसाच्या पैशानेच बसतात. दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत कामाला उसंत नाही आणि पेरणी लागली की लॅबमध्ये माशा.

स्टँडमागे दहा बाय बाराची खोली, एक मायक्रोमोटर, जुनी पोर्सेलिनची भट्टी आणि प्लास्टरचं पोतं, एवढ्यावर सुरुवात झाली. आष्टी, कारंजा, पुलगावच्या डॉक्टरांची मापं एसटीने यायची, तयार दात एसटीनेच जायचे. जिनिंगचा हंगाम असला की कापसाचा पांढरा तंतू भट्टीच्या तोंडापर्यंत उडत यायचा. ओल्या पोर्सेलिनवर तो बसला तर दात वाया. अजूनही त्या दिवसांत खिडकीला ओलं फडकं बांधतो.

2012 मध्ये राज्यात गुटखाबंदी आली, त्याच वर्षी आमच्याकडे इम्प्लांटची, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायच्या कृत्रिम मुळाची, पहिली केस आली. इम्प्लांट म्हणजे हाडाचा मामला, अशीच आमची समजूत. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवला आणि हाड त्याला घट्ट धरतं हे दाखवलं, एवढं उस्तादांकडून ऐकलेलं होतं. हाड धरतं ना, मग आपलं काम वरचा दात सुंदर करण्याचं. चारेक वर्षं याच भ्रमात गेली.

आष्टीकडच्या एका निवृत्त गुरुजींच्या दाढेने तो उतरवला. दाढ बसवून आठ महिने झाले होते. डॉक्टर मॅडमचा फोन आला, "जरा येऊन बघता का?" गुरुजी खुर्चीत बसलेले. मला बघून म्हणाले, "दात त पक्का हाय, पण बरश लावला का रगत येते न बाप्पा." मॅडमनी कॅप, म्हणजे वरचा दात, काढली. हिरडीच्या आत, अबटमेंटला (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणाऱ्या खुंटाला) चिकटून, नखाच्या कातरणाएवढा सिमेंटचा तुकडा होता. सिमेंट मॅडमनी लावलं होतं, पण ते लपायला जागा आम्ही करून दिली होती. धातू दिसू नये म्हणून कॅपची कड हिरडीखाली जवळजवळ तीन मिलिमीटर नेऊन ठेवली होती. तिथवर ना डोळा पोचतो ना अवजार. मॅडमनी दोष दिला नाही, उलट चहा पाजला. त्याने जास्तच लागलं.

त्या दिवशी त्यांनी कागदावर काढून दाखवलं ते माझ्या डोक्यात असं बसलं: खऱ्या दाताच्या मुळावर सिमेंटम नावाचा थर असतो. हिरडीचे तंतू त्यात आडवे रुतलेले असतात, झाडाची मुळं मातीत जावी तसे. टायटॅनियममध्ये त्यांना रुतायला काही नाही. ते खुंट्याभोवती दावं गुंडाळावं तसे इम्प्लांटला समांतर किंवा गोल फिरतात. वरचा पातळ थर तेवढा पेशींच्या बारीक बंधांनी पृष्ठभागाला चिकटतो. हे सगळं मिळून साधारण तीन-चार मिलिमीटरचं कुलूप. ते उघडलं की जंतूंना थेट हाडापर्यंत वाट. आणि त्या तीन-चार मिलिमीटरमध्ये हिरडीला जो पृष्ठभाग लागतो, तो बऱ्याचदा आमच्या टेबलावरून गेलेला असतो!

मग आम्ही कामाची पद्धतच फिरवली. कड हिरडीखाली एक मिलिमीटरच्या पुढे नेणं बंद. जमेल तिथे स्क्रूवाली कॅप. ती टायटॅनियम बेसवर, म्हणजे इम्प्लांटवर स्क्रूने बसणाऱ्या छोट्या तुकड्यावर, चिकटवायचं सिमेंट तोंडाबाहेर, आमच्या हाताखाली लागतं आणि भिंगाखाली पुसता येतं. मॉडेलवर गुलाबी सिलिकॉनची हिरडी ओतायला लागलो. पूर्वी प्लास्टर खरवडून हिरडी अंदाजाने काढायचो. आता दाढ त्या मऊ गुलाबी कडेतून वर येताना दिसते. कुठे फुगवटा जास्त झाला तर सिलिकॉन पांढरं पडतं. तोंडातली हिरडीही तशीच पांढरी पडते, म्हणून तिथेच थांबायचं.

पॉलिशबद्दल माझं मत बदलायला सगळ्यात जास्त वेळ लागला. आम्हा लॅबवाल्यांना चकाकीचं वेड. अभ्यास सांगतात की खरबरीतपणा 0.2 मायक्रॉनच्या खाली आणला की त्यापुढे घासून जंतू कमी होत नाहीत. म्हणजे तिथवर पोचायलाच हवं, पण त्यापुढचा आरसा आपल्या हौसेसाठी. झिरकोनियाच्या (पांढऱ्या टणक सिरॅमिकच्या) कामात हिरडीखालच्या भागावर ग्लेझचा, म्हणजे काचेसारखा चकचकीत, थर देणंही सोडलं. तेवढा भाग रबराने आणि पेस्टने घासूनच गुळगुळीत करतो.

आता सफाईचं सांगतो, कारण खरी लाज तिथे होती. दहापट मोठं दाखवणारं भिंग घेतलं आणि पहिल्याच दिवशी आमचंच पॅक केलेलं अबटमेंट त्याखाली धरलं. डोळ्यांना लखलखीत. भिंगाखाली स्क्रूच्या भोकात पॉलिशची राखाडी पेस्ट, गळ्याशी काळी रेघ, एका बाजूला माझ्याच बोटाचा तेलकट ठसा. हे आम्ही वर्षानुवर्षं लोकांच्या हिरडीत पाठवत होतो. डॉक्टर ऑटोक्लेव्ह करतात, पण ऑटोक्लेव्ह जंतू मारतो, मळ काढत नाही. आता पॉलिशनंतर वाफेचा झोत, मग अल्ट्रासोनिकचं पाणी, मग पुन्हा भिंग, आणि त्यानंतर तो तुकडा चिमट्यानेच उचलायचा. प्लाझ्माचं मशीन वापरणाऱ्या लॅबही आहेत. आमच्या आवाक्यात ते अजून नाही.

डॉक्टरांनाही एक विनंती करू लागलो, जरा भीतभीतच. ट्रायलसाठी अबटमेंट पुन्हापुन्हा काढू नका. 1997 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगात वारंवार काढ-घाल केल्यावर हिरडीची पकड खाली सरकली आणि हाडही झिजलं. एक सर चिडले, "आता लॅबवाला शिकवणार?" त्यांचं काम वर्षभर आलं नाही. नंतर आलं.

बाकी अडचणी धंद्याच्या नेहमीच्याच. एका पुरवठादाराने स्वस्तातले टायटॅनियम बेस दिले, ते इम्प्लांटवर डुगडुगायचे. पूर्ण डबा परत केला, पैसे आजवर मिळाले नाहीत. झिरकोनिया पंधराशे अंशांना भाजताना लाइट गेली की ट्रेमधलं सगळं मातीमोल, म्हणून कर्ज काढून जनरेटर घेतला. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप लागला तेव्हा डबे मोटारसायकलवर पोचवले. पुलगावला जाणारी शकुंतला, आमची नॅरोगेज रेल्वेगाडी, तर त्याआधीच बंद पडलेली.

खर्ऱ्यावर मात्र अजून तोड सापडलेली नाही. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून गालात धरणाऱ्याची हिरडी कितीही चांगल्या अबटमेंटला धड धरत नाही. कॅप दिली की सोबत चिठ्ठी टाकतो. पेशंट ती वाचून खिशात घालतात आणि त्याच खिशातून पुडी काढतात. दुसऱ्याला काय बोलू? माझा प्लास्टरवाला पोरगाच खर्रा घोटतो. शेवटी नियम केला, पन्नी लॅबच्या उंबरठ्याबाहेर. ट्रेवर चुन्याचं बोट दिसलं की त्या दिवशीचा सगळ्यांचा चहा त्याच्याकडून. परवाच तिसऱ्यांदा पाजला, म्हणाला, "भाऊ, पगारच वाढवा आता."