काळ्या दगडातली द्राक्षं

निफाडजवळच्या द्राक्षबागेत मी लहानाची मोठी झाले. त्यामुळे स्पेनला जायचं ठरलं, तेव्हा सगळ्यात आधी नकाशात शोधलं ते प्रियोरात. कॅटलोनियातल्या तारागोना प्रांतातला हा डोंगराळ पट्टा. स्पेनमध्ये वाईनचा सर्वांत वरचा दर्जा फक्त दोन भागांना आहे: एक रियोहा आणि दुसरा हा.

बार्सिलोनाहून सकाळची रेल्वे धरली. तारागोनापर्यंत डावीकडे समुद्र, रेउसनंतर हेझलनट आणि ऑलिव्हची झाडं, आणि मग डोंगर. फाल्सेतला उतरून गाडीनं पोर्रेरा गाठलं. दरीत वसलेलं छोटंसं गाव, घरांच्या भिंतींवर जागोजाग सूर्यघड्याळं रंगवलेली. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता, द्राक्षतोडणी चालू होती आणि गल्लीत आंबलेल्या रसाचा वास भरून राहिला होता.

ज्या घरी मी गेले तिथे आजी, मुलगा, सून आणि नातू मिळून बाग करतात. जमीन चार हेक्टर, म्हणजे आपले दहा एकर. वाईनही स्वतःच्याच तळघरात बनवतात. मुलगा मला बागेत घेऊन गेला. बाग कसली, कडाच तो! ट्रॅक्टर तिथे चढूच शकत नाही. काही शेतकरी अजूनही खेचर लावून नांगरतात. पायाखाली माती अशी नव्हतीच, होते ते काळे-तांबूस पाटीच्या दगडाचे तुकडे. त्याला तिथे यिकोरेया म्हणतात. मी एक तुकडा उचलून बोटांनी दाबला, तर पापुद्रे सुटले आणि उन्हात अभ्रक चमकलं. दुपारी तो दगड हातात धरवत नव्हता. या दगडाला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून वेलाची मुळं भेगाभेगांतून खोल खोल जातात.

वेलांना ना मांडव, ना तारा. मांडीएवढ्या जाडीचं, पिळवटलेलं खोड आणि त्यावर चारपाच हात, बस्स. गार्नाचा आणि कारिन्येना या इथल्या जुन्या जाती. आजीच्या सासऱ्यांनी लावलेली कारिन्येना अजून फळ देते. पण किती? एका वेलाला जेमतेम किलोभर.

हे ऐकून मी थांबलेच. आमच्याकडे एकरी दहा टन माल निघाला नाही तर घरात काळजी सुरू होते. मणी फुगावा म्हणून आम्ही घड विरळतो, मणी फुगवणाऱ्या जिब्रेलिक या संप्रेरकाच्या द्रावणात ते बुडवतो, निर्यातीसाठी मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतो. इथे मणी जितका लहान तितका चांगला. लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो. आतला गर बहुतेक जातींत पांढराच असतो. मणी बारीक म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. मी एक मणी चावला. साल जाड, चिवट, बिया कुरकुरीत, आणि गोडी एवढी की ओठ चिकटले.

एक गोष्ट मात्र थेट घरची निघाली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फिलॉक्झेरा नावाची मुळं खाणारी कीड आली आणि इथल्या बागा वाळून गेल्या. त्यावर उपाय सापडला तो अमेरिकन जंगली द्राक्षाच्या मुळांवर कलम करण्याचा. आमच्या बागेत ज्या खुंटावर कलम करतात, ते डॉगरिजही मूळचं अमेरिकेचंच. आम्ही ते पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी वापरतो, यांनी किडीपासून वाचण्यासाठी वापरलं. खाली मुळं परकी, वर वेल आपला.

या डोंगरात वाईन रुजवली ती बाराव्या शतकात आलेल्या कार्थुसियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंनी. स्काला देई, म्हणजे देवाची शिडी, हा त्यांचा मठ. मठाच्या प्रमुखाला ‘प्रियोर’ म्हणत, त्यावरूनच प्रियोरात. १८३५ मध्ये मठ बंद पडला. पुढे किडीनं बागा गेल्या आणि माणसं शहरांकडे निघून गेली. १९८९ मध्ये रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस हे वाईन बनवणारे आणि त्यांच्या मित्रांनी शेजारच्या ग्रातायोप्स गावात एकत्र वाईन काढली, तेव्हा जगाचं लक्ष पुन्हा इकडे वळलं. मला मोल वाटतं ते मधल्या काळात बाग न सोडलेल्या घरांचं. हे जुने वेल त्यांनी जपले नसते, तर नंतर आलेल्यांना काय सापडणार होतं?

तळघरात टाकीतला रस रटरटत होता. साली वर तरंगून जाड थर झाला होता आणि नातू लाकडी दांड्यानं तो पुन्हा पुन्हा खाली दाबत होता. आजीनं तीन वर्षांपूर्वीची बाटली उघडली. रंग जवळजवळ जांभळाचा. आधी पिकलेल्या काळ्या फळांचा वास, मग तापलेल्या दगडावर वळवाचे थेंब पडल्यावर येतो तसा काहीसा. जिभेवर जांभळासारखीच तुरट पकड. अल्कोहोल साडेचौदा टक्के, तरी घशाला जाळ नाही. सोबत पाव, त्यावर टोमॅटो चोळलेला आणि घरचं ऑलिव्ह तेल. एवढ्या चढावर वाकून वेचलेला एकेक घड आठवला आणि मी तो पेला अगदी सावकाश संपवला.

संध्याकाळी बागेतून आप्पांना व्हिडिओ कॉल केला. निफाडला रात्र झाली होती.

“कॅमेरा खाली घे गं जरा, खोड दाखव,” आप्पा म्हणाले. बराच वेळ बघत राहिले. मग, “पाणी कुठून देतात?”

“देतच नाहीत, आप्पा. ठिबकसुद्धा नाही.”

“आणि छाटणी?”

मी मुलाला विचारलं, त्यानं आजीला कॅटलानमध्ये विचारलं. वर्षातून एकदाच, थंडीत, वेल झोपलेला असताना. आमच्यासारखी एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशी दोनदा नाही. पण काडीवर किती डोळे, म्हणजे नवी फूट येणाऱ्या कळ्या, ठेवता, हा आप्पांचा पुढचा प्रश्न मी भाषांतर करायच्या आतच आजीला कळला असावा. तिनं माझ्या हातातून फोन घेतला, एका काडीच्या बुडाशी बोट लावलं आणि कॅमेऱ्यासमोर दोन बोटं धरली.

पडद्यावर आप्पांनीही दोन बोटं वर केली.