वाशिष्ठीच्या खाडीत रात्री गरवायला (गळाने मासे धरायला) जाताय? अमावास्या सोडून जा

"पाणी रात्रभर उभंच असतं, काय नाय होत ओ" असं, म्हणजे चढत-उतरत नाही असं, कोणी होडीवाल्याने सांगितलं तर तिथूनच गाडी वळवा. आम्हाला हेच सांगितलं होतं आणि आम्ही तीन शहाणी माणसं ऐकून बसलो. दोन दिवस झोप नाही झाली नीट, खांदे अजून दुखतायत, त्यामुळे थोडं चिडून लिहितोय, समजून घ्या.

पुण्याहून कराड, पाटण करत कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. खाडीकाठचं गाव मुद्दाम सांगत नाही. फोनवर माणशी 600 ठरलेले, रात्री 9 ला धक्क्यावर पोचलो तर "नाईटचे वेगळे" म्हणून एकदम 1000. अहो, फोनवर रात्रीचंच तर ठरलं होतं! जॅकेटं होती, पण तिघात दोन, आणि एकाचं बक्कल तुटलेलं. तिथेच परत फिरायला हवं होतं. स्वतःची जॅकेटं घेऊन जा, आणि अंगात घाला, बुडाखाली घेऊन बसायला ती नसतात.

आता पाण्याचं. अमावास्या होती, म्हणजे उधाण, मोठी भरती-ओहोटी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे कोकणात लहान पोरालाही माहीत असतं, पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. मोबाईलवरही साधारण तेच दाखवत होतं. पण ती वेळ समुद्राची, दाभोळच्या मुखाची. खाडीत जेवढं आत जाल तेवढी भरती उशिरा पोचते, आम्ही होतो तिथे साडेबारापर्यंत पाणी चढतच होतं. मग उभं राहिलं ते फार तर वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत मासा चांगला लागला हे खरं, एक खजुरा अडीच किलोच्या आसपास आणि दोन तांबोशी, आणि वल्हं पाण्यात घातलं की निळसर ठिणग्या उठत होत्या. त्याच नादात सुकती, म्हणजे ओहोटी, सुरू झालेली कळलीच नाही.

उधाणाची सुकती म्हणजे काय ते कागदावर कळत नाही. दीड वाजता गळाची दोरी तिरपी झाली, दोनला तर शिसं तळाला टेकेना. त्यात वाशिष्ठीची आणखी एक भानगड आहे, कोयनेचं पाणी बोगद्यातून डोंगराच्या या बाजूला येतं आणि पोफळीकडे वीज करून झाली की शेवटी याच नदीत सोडतात. म्हणून ही नदी उन्हाळ्यातही वाहती असते. संध्याकाळी विजेची मागणी वाढली की वरून पाणीही वाढतं. ते खाली किती पोचतं माहीत नाही, पण मी तरी ते धरूनच चालेन.

खरी वाट लागली ती खालच्या वळणावर. तिथे खाडी अरुंद होते आणि वाळूचा एक बार्ज नांगरून ठेवलेला होता, दिवा नाही, कंदील नाही, काही नाही. दिसायच्या आधी ऐकू आला, नळ सोडून ठेवल्यासारखा पाणी फुटल्याचा आवाज. टॉर्च मारला तर वीस-पंचवीस फुटांवर गंजलेलं लोखंड आणि त्याच्या तोंडाशी फुगून आलेलं पाणी, आणि आमची होडी आडवी तिकडेच चाललेली. मित्राने घाबरून नांगर टाकला, तोही मधल्या फळीला बांधलेला! दोर ताणला गेला, होडी कलली आणि एका कडेने पाणी आत. बादली तरंगायला लागली हो. होडीवाल्याने कोयत्याने दोर तोडला म्हणून हे लिहायला मी आहे, त्याच्यावर कितीही राग असला तरी हे मान्य करावं लागेल. दोर सुटल्यावर त्याने दोन-तीन वल्ही अशी मारली की बार्जला नुसतं घासून बाजूने निघालो.

तर नांगर टाकायचा तो नाळेवरूनच, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून. मधून नाही, मागून तर अजिबात नाही. दोर खोलीच्या पाचपट तरी हवा, पंधरा फूट पाण्यात आमचा तीस फुटांचा दोर होता, तो धरणार काय, कप्पाळ? सुरी हाताशी, पिशवीच्या तळाशी नको. आणि कधी बार्जवर आपटायचीच वेळ आली तर अंग बार्जच्या बाजूला झुकवा. उलट वाटतं, पण लांब सरकलात तर वरच्या अंगाची, म्हणजे प्रवाह येतो त्या बाजूची, कड खाली जाते आणि पाणी आत येतं. ते वळण दिवसा एकदा बघून घ्या, बार्ज कुठे, खुंट कुठे, आणि सुकतीला त्याच्या वरच्या अंगाला थांबूच नका.

बाकी पटापट. उभं राहून लघवी करायची नाही, डबा न्या, लाज सोडा. गमबूट नकोत, पाण्यात पडलात की भरतात आणि काढता येत नाहीत. डोक्याचा टॉर्च सतत चालू ठेवला तर बाहेरचं काही दिसत नाही, बंद ठेवा, पण एक पांढरा दिवा कायम वर दिसेल असा टांगा, नाहीतर तुम्हीच कोणासाठी तो बार्ज. शिटी गळ्यात. मासे होडीच्या कडेला वाकून धुवायचे नाहीत, या खाडीत मगरी आहेत, मालदोलीला लोक पैसे देऊन बघायला जातात त्याच. टॉर्चमध्ये काठाला दोन लाल ठिपके आम्हालाही दिसले.

पहिल्यांदा जात असाल तर अष्टमीच्या आसपासचा भांग धरा, म्हणजे उधाणाच्या उलट, कमी जोराची भरती-ओहोटी. मासा कमी लागेल, लागू दे.

दुसऱ्या दिवशी धोपाव्याला फेरीबोट, गुहागर, जेवण वगैरे मस्त झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. शेंगटी माशाचं मात्र राहिलं. पाठीवर एक आणि बाजूला दोन काटे असतात, विषारी. गळातून पकडीनेच सोडवा. मी हाताने सोडवायला गेलो आणि सकाळपर्यंत अंगठा ठणकत होता. सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की उतार पडतो, हे मला धक्क्यावरच्या चहावाल्या मावशींनी सांगितलं, पाणीही त्यांनीच तापवून दिलं, आणि त्याचे पैसे काही घेतले नाहीत.