येतो गं

११ नोव्हेंबर, रात्री

वर्ध्याला काल दुपारी महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले, आज दुपारी कोल्हापूर. रुकडी मागं पडली, पंचगंगेचा पूल आला आणि खिडकीतून गुऱ्हाळाचा वास आत शिरला. पायांनी आपसूक सीटखालच्या चपला शोधायला सुरुवात केली.

दिवाळीचा पाडवा झाला आणि निघाले होते. पुण्याला बहीण, जळगावला कॉलेजची मैत्रीण, नागपूरला भाचा, शेवटी वर्धा. जाताना पिशवीत गुळाचे रवे आणि चटणी. आपली कांदा-लसणीची चटणी भाजीत घालायची असते, हे नागपुरात भाचेसुनेला समजावून सांगावं लागलं. जळगावची भरताची वांगी तिच्याच गॅसवर भाजली. येताना पिशवी जास्त जड झाली. संत्री, वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं, बहिणीनं बळंच कोंबलेली साडी.

पण आज लिहायचंय ते आत्याबद्दल.

आत्या लग्न होऊन वर्ध्याला गेली त्याला साठ वर्षं होऊन गेली. गुडघ्यांनी घरातच बसवलंय. बोलणं पूर्ण तिकडचं झालंय, सुनेला हाक मारते तीसुद्धा वऱ्हाडी हेलात. मी पोचले, पाणी प्यायले, आणि तिचा पहिला प्रश्न, "किरणोत्सव कधी आहे गं?" तारखा तिला पाठ आहेत. ९, १०, ११ नोव्हेंबर, मग ३१ जानेवारी आणि फेब्रुवारीची १ आणि २. मावळतीची किरणं महाद्वारातून देवळात शिरतात, पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. हे ती बोटानं स्वतःच्या अंगावर दाखवत होती. पाय, छाती, कपाळ. कपाळावर बोट थोडा वेळ तसंच राहिलं.

मला अजून दोन दिवस राहायचं होतं. "जा, अकराला पोच," म्हणाली. तिनंच धाडलं मला.

निघताना ओटी भरली. हात थरथरत होते, मूठभर तांदूळ पदराबाहेर सांडले. ते तिनं खाली वाकून वेचायला घेतले, मला वेचू दिले नाहीत. मी पाया पडले, म्हटलं, "येते आत्या." वीस दिवसांत चौथ्या उंबऱ्यावर हेच म्हणत होते. आणि आत्या दाराला धरून म्हणाली, "येतो गं."

येतो. आमच्याकडच्या बायका म्हणतात तसं. शाळेत बाईंनी आमचं ते मोडून काढलं, मी आता 'येते'च म्हणते. साठ वर्षं वर्ध्यात राहून आत्याच्या तोंडात ते कुठं जपून राहिलं होतं? आणि निघाले होते मी, ती नव्हे. तिची सून म्हणाली, अलीकडं गोंधळ होतो त्यांचा. मला तसं वाटलं नाही. रात्रभर बर्थवर तेच एक वाक्य कानात होतं.

घरी पिशव्या टाकल्या, तोंड धुतलं आणि तशीच रिक्षानं देवळाकडं गेले. महाद्वारात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्यांच्या खांद्यांपलीकडं काही दिसेना. घंटा वाजली, आरती सुरू झाल्याचं ऐकू आलं. लोकांनी हात जोडले, मीही जोडले.

आठ वाजता वर्ध्याला फोन लावला.

"झाली काय किरणं?"

"गर्दी होती आत्या. मला मूर्ती दिसलीच नाही. महाद्वारात उभी होते, ऊन माझ्या पाठीवर होतं."

थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाली, "म्हणजे तुझ्या अंगावरनंच आत गेली की."

तांदूळ अजून पदराच्या गाठीतच आहेत, उद्या त्यांची खीर करीन असं सांगितलं. गूळ तुझ्याकडच्यासारखाच नवा आहे, तेही सांगितलं. फोन ठेवताना 'ठेवते' म्हणायचं, तर तोंडातून निघालं, "येतो आत्या."

"ये," ती म्हणाली.