दुसरी मेणबत्ती

गुरुवार, रात्रीचे साडेदहा

पाऊस सकाळपासून लागून राहिलाय. येताना बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी एकच, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती? ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सांगलीतल्या पोरांना हे आकडे पाढ्यांच्या आधी पाठ होतात. आज पाणी बरंच खाली आहे. माझ्या डोक्यात मात्र कालपासून परातीतलं पाणी चढतंय.

काल सातवीवर नेहमीचा प्रयोग केला. परातीत पाणी, रंगासाठी पोटॅशियम परमँगनेटचे दोन कण, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं. मग मी फळ्यावर लिहिते: पाणी साधारण पाचवा हिस्सा चढलं, कारण हवेतला पाचवा हिस्सा ऑक्सिजन होता, तो जळून गेला. सत्तावीस वर्षं लिहितेय. हिशेब इतका चपखल बसतो की शंका यायलाच जागा नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, दोन मेणबत्त्या लावल्या तर?"

म्हटलं, लाव की. ग्लास तोच, हवा तेवढीच, ऑक्सिजन तेवढाच. पाणीही तेवढंच चढणार. माझा नियम असा की प्रयोगाआधी प्रत्येकाने वहीच्या शेवटच्या पानावर अंदाज लिहायचा आणि तो नंतर खोडायचा नाही. पोरांनी लिहिलं. मीही फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: "तेवढंच".

पाणी जास्त चढलं. तीन लावल्या, आणखी जास्त. वर्गात जो काय दंगा झाला! शेजारच्या वर्गातून बाई डोकावून गेल्या. मी फळ्याकडे पाठ करून उभी, आणि कोपऱ्यातलं ते "तेवढंच" पुसायचा मोह मला झाला, हे इथे लिहून ठेवते. पुसलं नाही. "मला माहीत नाही. उद्या सांगते," म्हटलं आणि घंटा झाली.

रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर अकरा वाजेपर्यंत तेच. ह्यांनी दोनदा विचारलं, लाईट आहे की, मेणबत्त्या कशाला? पाचव्या-सहाव्या खेपेला दिसलं, आणि इतकी वर्षं हे डोळ्यांसमोरच होतं. ज्योत जळत असते तोवर पाणी जवळजवळ हलतच नाही. ती मंदावते, विझते, आणि मग पाणी सर्रकन चढतं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढायला नको का? शिवाय ग्लास ठेवताना काठाखालून दोन-तीन बुडबुडे निसटतात. ज्योतीवर धरल्याधरल्या ग्लासातली हवा तापून पसरते, थोडी बाहेर पडते. ज्योत गेली की राहिलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. दोन मेणबत्त्या म्हणजे उष्णता जास्त, म्हणजे बाहेर गेलेली हवा जास्त. ऑक्सिजन खर्च होतो ते खरंच, पण त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो पाण्यात एवढ्या झटक्यात विरघळत नाही. वर आणखी गंमत म्हणजे मेणबत्ती विझते तेव्हा ऑक्सिजन संपलेला नसतोच. २१ टक्क्यांवरून साधारण १६ वर आला की ज्योत माघार घेते.

हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या कुणाला नसलं तरी चालेल, मला हवं होतं. मी सांगलीजवळच्या हरिपूरची. अण्णा हळदीच्या पेवांवर हमाल होते. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं कोठार, तोंड माणूस जेमतेम उतरेल एवढं, आत खोलीएवढं मोठं. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या पेवात हवा कोंदते, जड वायू तळाशी बसतो. झाकण काढलं की कुणीही लगेच उतरायचं नाही. "थांब रं, कंदील जाऊ दे आधी," हे अण्णांचं वाक्य मी काठावर बसून कितीदा ऐकलंय. दोरीला बांधलेला कंदील खाली जायचा आणि विझतो की जळत राहतो, हे सगळे वाकून बघत बसायचे. २००५ च्या पुराने पेवांत पाणी शिरलं, हळद कुजली, आणि तो धंदाच जवळपास उठला. आता सगळं गोदामात.

संध्याकाळी अण्णांचा सदरा धुताना आई साबण लावायची आणि पिवळा सदरा लालभडक व्हायचा. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा रक्त म्हणून मी ओरडले होते. खळबळून काढला की परत पिवळा. का, ते घरात कुणाला सांगता येईना. आठवीत लिटमस आला तेव्हा मी सरांना सांगितलं, आमच्याकडे याचा सदरा आहे. सर हसले, पण दुसऱ्या दिवशी हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या घेऊन आले. मी पुढे केमिस्ट्री घेतली ती त्या पट्ट्यांमुळे.

पोर्शनचा जाच आहेच. दहावीला विज्ञानाचे ४०-४० गुणांचे दोन पेपर, पालकांना त्याच्यापुढचं काही ऐकायचं नसतं, आणि मुख्याध्यापक जिन्यात गाठून "बाई, कुठवर आलं?" विचारतात. आज मी अख्खा तास कालच्या चुकीवर घालवला, अण्णांच्या कंदिलाची गोष्टही सांगितली. वहीवहीतून "पाणी चढण्याचे कारण" खोडायला लावलं नाही. खाली आजची तारीख घालून नवं लिहायला लावलं.

एक अवघड काम राहिलंय. काल शेजारच्या वर्गातून डोकावलेल्या बाई माझ्याच विद्यार्थिनी. त्याही हाच प्रयोग करतात, कारणही माझंच सांगतात, फळ्यावर आकृतीसुद्धा माझ्याच पद्धतीची. उद्या मधल्या सुट्टीत त्यांना परात घेऊन बोलवावं लागेल.

आज तास संपताना त्या मागच्या बाकावरच्याने विचारलं, "बाई, विझल्यावर पण ऑक्सिजन उरतो, मग कंदील विझला तर माणूस आत थोडा वेळ तरी जगंल की?" मी म्हटलं, कंदील जळत राहिला तरी अण्णा कमरेला दोर बांधूनच उतरायचे.